वरची सळई

दाक्षायणी दारात चपला काढत होती तेव्हाच तिला आतला आवाज ऐकू आला.

"चारचौघांत माझं हसं झालं, आप्पा. तुमच्या नावाकडं बघून मी काम दिलं होतं."

बापूसाहेब सोफ्याच्या कडेला बसले होते, पाठ न टेकता. समोरचा चहा साय धरून गार झाला होता. ती आत आली तसे ते क्षणभर थांबले आणि तिच्याकडे न बघता, कूलरकडे बघत पुन्हा बोलू लागले. जून लागून आठवडा झाला तरी सोलापूरचं ऊन उतरायचं नाव घेत नव्हतं. कूलर नुसता आवाज करत होता.

"ताईंचं शिक्षण मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. त्यांनी ऑफिसात बसावं, नकाशे बघावेत. साइटवर इंद्रजीत उभा राहू दे. महिपती पंचवीस वर्षं सेंट्रिंग करतोय, त्याला काय कळत नाही का?"

दाक्षायणीच्या वडिलांचे, आप्पांचे, चौऱ्याहत्तर वर्षांचे हात मांडीवर उपडे पडून होते. मैंदर्गीहून थापी आणि ओळंबा घेऊन आलेल्या चन्नवीर गवंड्याचे हात. आज शहरात त्यांच्या नावाच्या पाटीखाली चार साइट चालत होत्या. तिचा धाकटा भाऊ इंद्रजीत त्यांच्या शेजारी मान घालून बसला होता. दाक्षायणी भिंतीला टेकून उभीच राहिली. बस असं तिला कुणी म्हणालं नाही आणि बसावंसं तिलाही वाटलं नाही.

शनिवारी जे झालं ते तिच्या दृष्टीनं अगदी साधं होतं. अक्कलकोट रस्त्यावर बापूसाहेबांचं मंगल कार्यालय उभं राहत होतं. पहिल्या मजल्याच्या स्लॅबचं काँक्रीट पडायचं होतं. पाहुणे आले होते, पूजा झाली होती, नारळ फुटला होता, खाली काँक्रीटच्या गाडीचा ड्रम गरगरत होता. इंजिनियर म्हणून ती शेवटची तपासणी करायला वर चढली आणि रस्त्याच्या बाजूनं पाच फूट बाहेर काढलेल्या गॅलरीपाशी थबकली. अशा गॅलरीला खालून आधार नसतो. वजन आलं की तिचं वरचं अंग ताणलं जातं, म्हणून तिची मुख्य सळई वरच हवी. इथं सगळी सळई तळाशी लोळत होती. वरात बघायला शंभर माणसं त्या कठड्याशी दाटणार होती.

तिनं महिपतीला सांगितलं. तो हसला. त्यानं बाजूला जाऊन इंद्रजीतला फोन लावला आणि परत येऊन खाली गाडीवाल्याला हात केला. "टाका म्हणालेत साहेब." तेव्हा ती चालत गेली आणि गॅलरीच्या त्या सळ्यांवरच उभी राहिली. सव्वा तास. उन्हात, पाहुण्यांसमोर, खालून कुणी तरी मोबाइलवर तिचं चित्रीकरण करत असताना. काँक्रीट घट्ट व्हायला लागलं तशी गाडी परत गेली.

"उद्या सकाळी गाडी मागवतोय," बापूसाहेब उठत म्हणाले. "आहे तसा स्लॅब पडला पाहिजे. आणि इथून पुढं ताई साइटवर नकोत. नाही तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका आप्पा, पण बाईमाणसानं असं आडवं उभं राहणं बरं दिसत नाही."

इंद्रजीत त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"अक्का, मला फोन करायचा होतास की."

"सात वेळा केला."

"मी मंगळवेढा रोडच्या साइटवर होतो. गडबडीत होतो."

"महिपतीचा उचललास."

वाईट माणूस नव्हता इंद्रजीत. बारावीला दोनदा नापास होऊन तो आप्पांच्या हाताखाली आला, तेव्हा त्याला पायाची आखणी शिकवली ती दाक्षायणीनंच. पण कुठल्याही साइटवर तो पोचला की पाच मिनिटांत लोक त्याच्याभोवती गोळा होत आणि ती नकाशा हातात धरून त्या कोंडाळ्याच्या बाहेर उभी असे. त्याला ते दिसत असे की नाही, हे विचारायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

"त्यानं मला विचारलं, बाई अडवतायत, काय करू," इंद्रजीत म्हणाला. "मला वाटलं, किरकोळ काही असेल. मी म्हटलं, टाका. चुकलं माझं. पण तू त्या सळ्यांवर जाऊन उभी राहिलीस अक्का, पूर्ण बाजारात तो व्हिडिओ फिरतोय. आता मी बापूसाहेबांना काय सांगू?"

"सळई वर घ्यायला सांग."

"ते ऐकणार नाहीत."

"मग गॅलरी पडेल."

ती भांडत नव्हती. भाजी आणायची राहिली असं सांगावं तशा आवाजात ती बोलत होती. बावीस वर्षांपूर्वी अशा वेळी तिचा आवाज चढायचा, डोळ्यांत पाणी यायचं. मग कुणी तरी म्हणायचं, बघा, रडायला लागली. हळूहळू तिनं दोन्ही बंद केलं. आता ती फक्त दमायची.

"पडंल कशाला?" आप्पा पहिल्यांदाच बोलले. "महिपती काय कच्चा न्हाय. दोन दिस जाऊ दे. दाक्षा, तू घरी थांब चार दिवस. इंद्रा बघंल."

स्वयंपाकघराच्या दारात दाक्षायणीची आई गुरम्मा, सगळ्यांची अव्वा, उभी होती. कधी येऊन उभी राहिली कुणाला कळलं नव्हतं. तिचा डावा हात कोपरातून वाकडा होता, सरळ व्हायचा नाही. उजव्या हातानं तिनं तो धरला होता, नेहमीसारखा.

"दुधनीच्या गोदामाच्या कामावर मी पडले, तवाबी तुमी असंच म्हणाला व्हता," ती म्हणाली.

आप्पांनी मान वर केली.

"काय म्हणालो व्हतो?"

"बांबूच्या परांचीचा काथ्या कुजलाय, मी सांगितलं तुमाला. सकाळी सांगितलं. चार गवंडी बसले व्हते न्याहारीला. तुमी म्हणाला, घमेली उचलायचं बघ, परांचीचं आमी बघतो. ते हसले. दुपारी परांची खाली आली."

घरातल्या सगळ्यांना ती गोष्ट ठाऊक होती, पण निराळी. अव्वाचा पाय घसरला, अव्वा पडली, हात मोडला. इंद्रजीतनं आप्पांकडे बघितलं.

"आप्पा, तुम्ही तर म्हणता पाय घसरला..."

"साकु," अव्वानं त्याला कानडीत थांबवलं. "पुरे आता. मी भांडाय काढलं न्हाय. त्या दिवशी माझ्याशेजारी एक पोरगी व्हती, पोटुशी. ती वाचली, म्हणून मी बी गप बसले. आता आपली पोरगी गप बसंना तर तिला घरी बस म्हणताय."

"मला म्हाईत हाय," आप्पा हळूच म्हणाले.

"काय म्हाईत हाय?"

"तू सांगितलं व्हतंस ते. मी इसरलो न्हाय." ते आपल्या हातांकडे बघत राहिले. "चाळीस वरसं झाली. एकदा बी इसरलो न्हाय."

मग अव्वानं तो गार चहाचा कप उचलला आणि आत गेली. तिला आणखी काही ऐकायचं नव्हतं, किंवा जे ऐकायचं होतं त्याची वेळ निघून गेली होती. दाक्षायणीला वाटलं, आपण हिच्यामागं जावं. पण गेली नाही.

"इंद्रा," आप्पा म्हणाले, "बापूसायबाला फोन लाव. उद्या गाडी मागवू नका म्हणावं. उद्या मी येतो साइटवर. दाक्षा बी येईल."

---

पूनम वर गच्चीवर कपडे काढत होती. इंद्रजीतची बायको या घरात आली त्याला अठरा वर्षं झाली होती. दाक्षायणी तिला मदत करायला गेली. चादरीची दोन टोकं धरून त्यांनी घडी घातली.

"अक्का, आरोहीच्या फॉर्मची बुधवारी शेवटची तारीख आहे," पूनम म्हणाली.

दहावी झालेल्या तिच्या मुलीला, आरोहीला, डिप्लोमाला जायचं होतं. पहिल्या पसंतीला तिनं सिव्हिल लिहिलं होतं. आत्यासारखं.

"मला कॉम्प्युटर टाकायचंय," पूनम सांगू लागली. "ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तुम्ही तिला सांगा."

"काय सांगू?"

"खरं ते सांगा. मी तुमच्या विरुद्ध नाही अक्का. पण मी तुम्हाला रोज बघते. सकाळी सातला तुम्ही अर्धा कप चहा घेता आणि संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही. का, ते मला माहीत आहे. दोन वेळा मुतखड्यासाठी दवाखान्यात मीच होते तुमच्याजवळ. स्थळं आली ती साइट सोडणार का विचारत आली आणि गेली, तेव्हाही मीच पोहे करत होते." तिनं उशीचा अभ्रा झटकला. "मला एकच सांगा. पुन्हा पहिल्यापासून करायचं झालं, तर हेच घ्याल?"

दाक्षायणीनं चिमटे गोळा केले. खाली रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला.

"बहुतेक नाही घेणार," ती म्हणाली.

पूनमला हेच उत्तर हवं होतं. पण ते ऐकून तिचा हात थांबला. ती दाक्षायणीकडे बघत राहिली, जणू कुणी तिच्या हातातलं भांडं खाली पाडलं होतं.

"असं नका म्हणू," ती नकळत म्हणून गेली आणि घाईनं जिना उतरली.

---

सोमवारी सकाळी आप्पा निघाले तेव्हा आरोहीही गाडीत येऊन बसली. पूनमनं तिला अडवलं नाही. उन्हात दिवसभर उभी राहिली की आपोआप शहाणी होईल, असा तिचा हिशेब असावा.

आप्पा दोन वर्षांनी साइटवर येत होते. गुडघे धरत, मध्ये दोनदा थांबत ते फळ्यांचा चढ चढले. महिपतीनं पुढं होऊन त्यांना हात दिला. डोक्याला टॉवेल बांधलेला, काटक, कामाला चोख माणूस. आप्पा गॅलरीपाशी आले. खाली वाकून त्यांनी दोन बोटं सळईखाली घातली. बोटं फळीला टेकली.

"महिपती, ही सळई वर पायजे."

"व्हय आप्पा," महिपती लगेच म्हणाला. "घेतो की. खाली सळईच्या खुर्च्या ठेवून वर उचलतो. आजच्या आज."

एवढंच. एका वाक्यात झालं.

दाक्षायणी तीन हातांवर उभी होती. आनंद व्हायला हवा होता. सळई वर जाणार होती, माणसं वाचणार होती, तिचं म्हणणं खरं ठरलं होतं. पण शनिवारी सव्वा तास जे ती ओरडून, समजावून, शेवटी उभी राहून सांगत होती, ते हेच वाक्य होतं. शब्दसुद्धा तेच.

आप्पांना बहुधा तिचा चेहरा दिसला. ते उठता उठता थांबले.

"हेच तिनं शनिवारी सांगितलं व्हतं न्हवं?"

महिपतीनं टॉवेल सारखा केला. "व्हय, पर..."

"पर काय?"

"न्हाय, तसं काय न्हाय आप्पा."

"सांग की. पर काय?"

खाली वाळू चाळणाऱ्या बायकांचं बोलणं थांबलं होतं. त्यातली गोजरबाई वर बघत होती. आप्पा कुणाला रागे भरले नाहीत. रागवायचा हक्क आपल्याला आहे का, याचीच त्यांना शंका असावी. त्यांनी फळीचा आधार घेतला.

"मी खाली जातो. किती उचलायची, किती अंतरानं बांधायची, ते तिला इचार. मला इचारू नको."

"तुमी हायत की हितं..."

"मी न्हाय," आप्पा म्हणाले आणि उतरू लागले. पडक्या कुंपणाजवळच्या कडुलिंबाखाली जाऊन ते स्लॅबकडे पाठ करून बसले.

महिपती खिशातून तंबाखूची पुडी काढून पुन्हा आत ठेवत होता. दाक्षायणी नकाशा उलगडून बघत राहिली. त्याला सोपं करून द्यायची तिची इच्छा नव्हती, आणि ताकदही नव्हती.

"वरून काँक्रीटला किती सोडू?" शेवटी तो म्हणाला. तिच्याकडे बघून नव्हे, सळईकडे बघून.

"इंचभर. आणि आत स्लॅबमध्ये निदान साडेसात फूट गेली पाहिजे. नुसती कडेला अडकवून चालणार नाही."

"साडेसात?"

"बाहेर पाच आहे. तिला मागं धरून ठेवायला आत त्याच्यापेक्षा जास्त लागतं."

त्यानं मान हलवली आणि माणसांना हाक मारली. काम सुरू झालं.

दुपारी आरोही तिच्याजवळ आली. चेहरा लालबुंद, ओठ सुकलेले.

"आत्या, इथं बाथरूम कुठंय?"

"नाही."

"मग?"

दाक्षायणी तिला घेऊन खाली आली. गोजरबाई काही न विचारता उठली. विटांच्या ढिगामागं तिनं आपली जुनी साडी दोन्ही हातांनी ताणून आडोसा धरला आणि तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली.

"जा पोरी. मी बगते," ती म्हणाली. "आमी बायका एकमेकीला धरतो असं. म्याडम एकट्याच असत्यात, त्यांना कोन धरनार? म्हनून पानीच पीत न्हाईत."

आरोही परत आली. संध्याकाळपर्यंत ती आत्याच्या मागं मागं फिरत राहिली. टेप धरला. एका सळईचं अंतर चुकलं होतं, ते तिनंच आधी पाहिलं.

रात्री जेवण्याआधी बापूसाहेबांचा फोन आला. आप्पांनी स्पीकर चालू केला, कारण त्यांना नीट ऐकू येत नसे.

"तुम्ही स्वतः बघितलंत ना आप्पा, मग झालं. माझं काही म्हणणं नाही. बुधवारी टाका. फक्त ताई तेवढ्या नकोत त्या दिवशी. पाहुणे येणार."

"ती असनार," आप्पा म्हणाले. "मी नसनार. माझी नजर आता त्या कामाची राहिली न्हाय."

"बघू," म्हणून बापूसाहेबांनी फोन ठेवला.

---

बुधवारी स्लॅबचं काँक्रीट पडलं. बापूसाहेब आले नाहीत. दुसरा कंत्राटदारही त्यांनी आणला नाही. त्यांच्या मेहुण्यानं येऊन नारळ इंद्रजीतच्या हातात दिला. इंद्रजीतनं तो घेतला, दाक्षायणीकडे एकदा बघितलं, घुटमळला आणि स्वतःच फोडला. सवयीनं झालं असावं. नंतर दिवसभर तो तिच्या आसपास राहिला. गाडीवाल्यानं काही विचारलं की "अक्काला विचार" म्हणत होता. ते जरा जास्तच मोठ्यानं म्हणत होता. पण म्हणत होता.

ती घरी आली तेव्हा सात वाजत आले होते. आरोही जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. शेजारी पूनम. फॉर्म अजून भरायचा होता.

"आत्या आली," पूनम म्हणाली. "आता विचार तिला. तिनं मला काय सांगितलं ते तिच्याच तोंडून ऐक."

दाक्षायणीनं खुर्ची ओढली. केसांत सिमेंटची भुकटी होती, पाय भरून आले होते. खोटं बोलायचं असतं तर ते आता सोपं होतं, कुठल्याही बाजूनं.

"मी पुन्हा घेईन असं मला वाटत नाही आरोही," ती म्हणाली. "आईला मी तेच सांगितलं. काम अवघड नाही. लोकांनी ऐकावं म्हणून जे करावं लागतं, त्यात माणूस संपतो. सोमवारी तू बघितलंस."

"बघितलं," आरोही म्हणाली. ती स्क्रीनकडेच बघत होती. "मी घाबरले. घरी येऊन कॉम्प्युटर टाकलं पण होतं."

"मग?"

"पण ती सळई वर का पाहिजे, ते मला तिथं कळलं. तू सांगितल्यावर नाही. मी गॅलरीच्या फळीवर उभी राहिले आणि माझ्या पायाखाली मला ते कळलं, म्हणजे कुठं ओढलं जाईल ते. मी दोन दिवस बाकी सगळ्या गॅलऱ्याच बघतेय. शाळेची, समोरच्यांची." ती ओशाळून थांबली. "दुसऱ्या कशात मला असं कधी कळलं नाही."

एकोणीस-वीस वर्षांची असताना आपणही बसमधून जाताना पूल मोजत होतो, हे दाक्षायणीला कितीतरी दिवसांनी आठवलं. पूनम दोघींकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिनं लॅपटॉप आपल्याकडे वळवला. चष्मा लावला. पहिल्या ओळीत सिव्हिल होतं. तिनं ते दोनदा वाचलं.

"असू दे," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे."

"काय?"

"तुला नाही. अक्कांना." पूनमनं चष्मा काढला. "ही उद्या मला काही सांगणार नाही. आई काळजी करेल म्हणून गिळून टाकेल सगळं. तुम्ही तेच केलंत. मी या घरात आल्यापासून तुम्ही संध्याकाळी आलात की हात धुता, जेवता आणि आत जाता. तिथं काय झालं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू कधी विचारलं नाहीस," दाक्षायणी म्हणाली. त्यात तक्रार नव्हती.

"नाही विचारलं. मला वाटायचं, मला काय कळणार." पूनमनं आरोहीकडे लॅपटॉप सरकवला. आरोहीनं बटण दाबलं, फॉर्म गेला. अव्वा आतून भाकरीची टोपली घेऊन आली आणि टेबलाच्या टोकाला बसली.

"सांगा," पूनम म्हणाली. "आज काय झालं साइटवर?"

दाक्षायणीला कुठून सुरू करावं कळेना. आज काही विशेष झालं नव्हतं. तिनं आठवून बघितलं.

"सकाळी गाडीवाला आला," ती म्हणाली. "त्यानं मला विचारलं, साहेब कुठं आहेत."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं..." ती थांबली. अव्वानं तिच्या ताटात भाकरी वाढली आणि हात तिथंच ठेवून ती ऐकत राहिली.